राऊरकेला गोंदियाहून एका गाडीवर आहे : हॉकी विश्वचषक आणि आपली पोरं

चुलबंदकाठ

रामराम मंडळी.

ऑगस्ट २०२६ मध्ये पुरुषांचा हॉकी विश्वचषक आहे, बेल्जियममध्ये वाव्रला आणि नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवीनला. तोवर आपल्याकडची रोवणी उरकत आलेली असेल. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, त्यामुळे बरेच सामने बांधीतून घरी आल्यावर बघता येतील. सामन्यांच्या गप्पा इथंच करू. पण २०२३ च्या विश्वचषकापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, ती आधी मांडतो.

तो विश्वचषक ओडिशात झाला, भुवनेश्वर आणि राऊरकेला इथं. राऊरकेला हावडा लाईनवर आहे. गोंदियाला गीतांजलीत बसायचं आणि गाडी न बदलता राऊरकेल्याला उतरायचं. धान केंद्रावर टाकलं आणि आम्ही काही मित्र निघालो.

१३ जानेवारीला भारत विरुद्ध स्पेन होता. बिरसा मुंडा स्टेडियममध्ये वीस हजारांहून जास्त खुर्च्या आहेत, त्या दिवशी एक रिकामी दिसत नव्हती. पोलाद कारखान्याचं शहर, म्हणजे गर्दी शहरी असेल असा माझा अंदाज होता. पण तिथं सुंदरगड जिल्ह्यातली खेडीच्या खेडी लोटली होती. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, गळ्यात गमछा टाकलेले म्हातारे, शाळेचे स्वेटर घातलेली पोरं. आणि ही मंडळी नुसती गोंगाट करायला आलेली नव्हती, खेळ वाचत होती. माझ्या शेजारी दहावी-अकरावीतली एक मुलगी बसली होती. स्पेनला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे फाऊलबद्दल गोलवर हल्ल्याची संधी, मिळाला की सगळे स्पेनच्या फ्लिकरकडे, म्हणजे गोलवर चेंडू फेकणाऱ्याकडे, बघायचे, ती मात्र आपल्या गोलकडे बोट दाखवून मला हिंदीत सांगायची, "भैया, उधर देखो, रोहिदास को देखो." आपला बचावपटू रोहिदास गोलरेषेच्या मागं वाकून उभा. तिकडून चेंडू सुटला की हा सुसाट समोर, जिथून फटका येणार त्याच रेषेत. अंगावर चेंडू घ्यायला धावणारा माणूस इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघितला.

त्याच रोहिदासनं १२ व्या मिनिटाला भारताचा पहिला गोल केला. अमित रोहिदास सुंदरगडचाच, सौनामारा गावचा. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की हेही त्याच गावचे. २०२३ च्या संघातला नीलम संजीप खेस सुद्धा सुंदरगडचा. २६ व्या मिनिटाला हार्दिक सिंगनं दुसरा गोल मारला आणि सामना २-० असा आपला झाला. १५ तारखेला, ऐन संक्रांतीला, इंग्लंडशी ०-० बरोबरी झाली. त्यात हार्दिकचा स्नायू दुखावला आणि तो पुढं स्पर्धेत खेळलाच नाही. आपला संघ पुढं कसा घसरला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मला बोलायचं आहे सुंदरगडबद्दल. गाडीच्या खिडकीतून बघितलं तर तो मुलूख आपलाच वाटतो. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, सालाचं जंगल, आदिवासी वस्ती. आपल्या देवरी, कोरची, कुरखेड्याकडे जंगलात साल नाही, साग आहे, एवढाच काय तो फरक. तिथली पोरं लहानपणी बांबूच्या वाकड्या काठीनं आणि मिळेल त्या चेंडूनं खेळतात. गावोगाव खस्सीचे सामने होतात, म्हणजे जिंकणाऱ्या संघाला बक्षीस बोकड. त्यातून पोरं दिसतात आणि राऊरकेल्याच्या पानपोष क्रीडा वसतिगृहात जातात. हे वसतिगृह १९८५ पासून आहे. आता सुंदरगडच्या सतराही ब्लॉकमध्ये टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, टाकायचं काम ओडिशा सरकारनं हाती घेतलं. २०१८ पासून भारताच्या दोन्ही संघांचं प्रायोजकत्वही त्याच राज्याकडे आहे. पण माझ्या मते हा क्रम ध्यानात घ्यायला हवा. बोकड आधी आला, वसतिगृह नंतर, टर्फ सगळ्यात शेवटी.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार असते, रात्री नाटक असतं, कबड्डीचे सामने असतात. त्या मंडईत एक सामना हॉकीचा का नसावा? आश्रमशाळांत पोरं आहेत, पोरी आहेत, मोकळी जागा आहे. या विश्वचषकाच्या निमित्तानं चार गावांत जरी काठी हातात धरली गेली तरी मला हवं आहे. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं लिहा.

———

वऱ्हाडचा_गडी

भाऊ, लय चांगला धागा काढला. मी यवतमाळकडचा, आमच्या इकडे क्रिकेट नाही तं कबड्डी, तिसरं काही कोनाले माईत नाही. कबड्डी तं आपली हक्काची हाय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरायनं १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वक्ताले तिथं जाऊन कबड्डी खेळून दाखवली होती. आनं त्याच बर्लिनमधी ध्यानचंदच्या संघानं जर्मनीले ८-१ हानून सोनं आनलं. म्हंजे आपलं गाव आनं हॉकी एकाच वक्ती तिथं होते.

मले एक समजत नाही. हॉकी टीव्हीवर लावली की घडीघडी खेळ थांबते, चार-पाच जनं गोलमधी तोंडाले मुखवटे बांधून घुसते, आनं एका झटक्यात गोल होते नाही तं नाही होत. हे पेनल्टी कॉर्नर म्हंजे नेमकं काय असते? कोनी मले सुदं समजून सांगा, म्हंजे घरच्या पोट्ट्यायले सांगता येईन.

———

चुलबंदकाठ

गडी भाऊ, आनंदानं सांगतो, कारण हॉकीतला निम्मा जीव तिथंच आहे.

गोलसमोर अर्धगोल आखलेला असतो, त्याला डी म्हणतात. त्याची त्रिज्या १४.६३ मीटर. मैदानी गोल करायचा तर चेंडूला डीच्या आतच काठी लागली पाहिजे, बाहेरून मारलेला थेट आत गेला तरी गोल नाही. बचाव करणाऱ्यानं डीमध्ये फाऊल केला, किंवा २३ मीटरच्या पट्ट्यात मुद्दाम केला, की समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो.

मग बचावाला फक्त पाच जण राहतात, गोलकीपर धरून. बाकीच्यांना मधल्या रेषेपलीकडे जावं लागतं. हल्ला करणाऱ्यांचा एक जण मागच्या रेषेवरून, गोलखांबापासून दहा मीटरवरून, चेंडू आत ढकलतो. डीच्या टोकाशी दुसरा तो अडवतो. तिसरा फ्लिक मारतो. चेंडू एकदा डीच्या बाहेर गेलाच पाहिजे, तोवर गोल धरत नाहीत. पहिला फटका काठी उगारून सरळ मारला तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे गोलच्या मागच्या फळीच्या उंचीत राहायला हवा. पण काठीवर चेंडू ओढत नेऊन फेकला, म्हणजे ड्रॅग फ्लिक केला, तर उंचीचं बंधन नाही. म्हणून सगळे संघ ड्रॅग फ्लिकच्या मागे लागले आहेत. चांगल्या फ्लिकचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. ढकलण्यापासून फटक्यापर्यंतचा सगळा खेळ दीड-दोन सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात गोलमधून पहिला धावतो तो फर्स्ट रशर. ते मुखवटे आणि गुडघ्यांची पॅडं त्यासाठीच असतात. पोट्ट्यांना सांगा, गोल मारणाऱ्याला बघाच, पण एकदा त्या धावणाऱ्यालाही बघा.

———

पीटी_मास्तर

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात एका आश्रमशाळेत शिकवतो, शाळेचं नाव लिहीत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या पोरांचा दम बघायचा असेल तर सकाळी ग्राउंडवर या. पाणी आणायला, सरपण आणायला, बाजाराला पायी जाणारी ही लेकरं. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पोरं मिशन शौर्यमधून एव्हरेस्टवर चढली, पाच जण थेट शिखरावर पोचले. त्यांना नीट शिकवलं, नीट खाऊ घातलं, नीट कपडे दिले, म्हणून ते झालं. अंगात होतंच.

मी स्वतः मागच्या हिवाळ्यापासून हॉकी सुरू केली आहे. क्रीडा साहित्य आलं त्यात बॅट आणि स्टंपच होते, म्हणून गावातल्या सुताराकडून बांबू वाकवून घेतला. बांबू ओला असताना चुलीच्या जाळावर शेकायचा, वाकवायचा आणि दोरीनं ताणून वाळवायचा. पंधरा दिवसांत वाक पक्का बसतो. फक्त डावी बाजू रंध्यानं सपाट करून घ्यावी लागते, नाहीतर चेंडू काठीवरून निसटतो.

अडचण आहे ती मुरमाची. मुरमाच्या ग्राउंडवर चेंडू सरळ येतच नाही. खड्याला लागला की उडतो, नडगीला बसतो. म्हणून पोरं अंग मागं ओढून अडवायला शिकली, आणि ही सवय पुढं मोडणं कठीण जाईल याची मला काळजी वाटते. चेंडू अडवायचा तर गुडघे वाकवून, काठी आडवी जमिनीला टेकवून, डोकं चेंडूवर हवं. मी आता धान निघालेल्या बांधीत पाणी शिंपडून, रोलर फिरवून तेवढा तुकडा सपाट करून घेतो. त्यावर बरं जमतं.

चुलबंदकाठ, तुमचं मंडईचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. आमच्या पोरांना सामनाच मिळत नाही. सराव करून करून कंटाळतात. समोर दुसऱ्या गावची पोरं उभी राहिली पाहिजेत.

———

वर्धेची_लेक

सगळ्यांचा उत्साह वाचून बरं वाटलं, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून लिहिते आहे.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर हॉकी झाली. १९२८ पासून दर ऑलिंपिकला पदक घेणारा आपला संघ तिथं सातवा आला. गवतावरची कलाकारी टर्फच्या वेगापुढे कमी पडली. ती दरी भरायला आपल्याला किती वर्षं लागली बघा. १९८० चं मॉस्कोचं सोनं झाल्यावर पुढचं पदक थेट टोकियोत, ४१ वर्षांनी. मग आता कुठं टर्फवर उभ्या राहिलेल्या खेळात आपण आपल्या लेकरांना बांबू आणि बांधी देणार? पंधरा-सोळाव्या वर्षी ही पोरं निवड चाचणीला टर्फवर उतरली की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर. काठी, बूट, पॅड, चेंडू, सगळ्याला पैसा लागतो. कापसाच्या पट्ट्यात एका घराला तो कुठून परवडणार? त्यापेक्षा धावणं, कबड्डी, कुस्ती यांत पोरं लवकर दिसतात आणि पोलीस भरतीतही उपयोग होतो. स्वप्न दाखवायचं तर त्याचा पुढचा रस्ता आधी दाखवा.

आणि एक. धागा पुरुषांच्या स्पर्धेचा आहे, ठीक. पण सुंदरगडनं भारताला दीप ग्रेस एक्का, सुनीता लाक्रा, लिलिमा मिंज अशा मुलीही दिल्या आहेत. मंडईत सामना ठेवाल तेव्हा मुलींचा पण ठेवा, आणि त्यांनाही बक्षीस तेवढंच द्या.

———

निवृत्त_पोस्टमन

मी भंडारा जिल्ह्यातला. वय झालं, हळूहळू टाईप करतो.

१५ मार्च १९७५. क्वालालंपूरला विश्वचषकाची अंतिम लढत, समोर पाकिस्तान. आमच्या गावात तेव्हा ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. जसदेव सिंगांचा आवाज. आधी पाकिस्तानचा गोल झाला आणि ओसरीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. मग सुरजित सिंगनं बरोबरी केली, मग अशोक कुमारचा गोल. २-१. कर्णधार अजितपाल सिंग. उपांत्य सामन्यात मलेशियानं आपल्याला जवळजवळ बाहेरच काढलं होतं. बदली म्हणून आलेल्या अस्लम शेर खाननं शेवटी शेवटी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली, म्हणून अंतिम सामना दिसला. तेव्हापासून आजपर्यंत दुसरा विश्वचषक आलेला नाही.

त्या संघात मायकेल किंडो होते. झारखंडातल्या सिमडेग्याकडचे आदिवासी, पुढं राऊरकेल्यालाच राहिले. म्हणजे हे जंगलातलं हॉकीचं बी आजचं नाही.

आम्स्टेलवीनचं नाव वाचून मला १९७३ आठवलं. तिथंच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपण २-० पुढं होतो. हॉलंडनं २-२ केलं आणि पेनल्टी स्ट्रोकवर कप नेला. त्याच गावी आपली पोरं परत खेळणार. मला तो सामना बघायचा आहे. नातवाला सांगून ठेवलं आहे.

———

नागपूरचा_फुलबॅक

कॉलेजात असताना नागपुरात खेळलो, आता नोकरी वर्ध्याकडे. वर्धेची_लेक यांचा मुद्दा खरा आहे, टर्फशिवाय वरच्या पातळीला जाता येत नाही. पण कोणत्या वयात काय लागतं ते वेगळं काढून बघितलं पाहिजे. बारा-तेरा वर्षांपर्यंत लागतात ते हात. काठी उलटी-सुलटी फिरवायची सवय, चेंडू न बघता तो कुठं आहे ते कळणं, समोरचा कोणत्या पायावर आहे ते ओळखणं. हे अंगणात येतं. वेग, फ्लिक, टर्फवरचं वाकणं हे नंतरचं, आणि ते वसतिगृहात शिकवता येतं, जर पोरगं हात घेऊन आलं असेल तर. सुंदरगडनं नेमकं हेच केलं. तेव्हा बाई, रस्ता नाही असं नाही, आपल्याकडे त्याचा मधला टप्पा नाही. तो मागण्यासाठी आधी खालून पोरं उभी दिसली पाहिजेत. जिथं कोणी खेळतच नाही तिथं टर्फ द्या म्हणून कोण ऐकणार?

आता थोडं सामन्यांचं, कारण विश्वचषक जवळ आला आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

२०२३ ला न्यूझीलंडविरुद्ध आपण ३-१ पुढं होतो. ३-३ झालं आणि शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेकानं गोलकीपरसमोर येऊन गोल करण्यात, ५-४ असे गेलो. आपला कर्णधार आणि फ्लिकर हरमनप्रीत, त्याचे कॉर्नर त्या स्पर्धेत चालले नाहीत, पण माझ्या मते हरलो ते आघाडी सांभाळता न आल्यामुळे. जर्मनी बघा. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध ०-२ मागं, शेवटच्या मिनिटांत दोन गोल आणि शूटआऊटमध्ये जय. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-२ मागं, गोन्झालो पेयातचे तीन गोल, ४-३ असा जय. अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध परत ०-२ मागं, ३-३, आणि शूटआऊटमध्ये ५-४. लागोपाठ तीन सामने दोन गोलांनी मागं पडून विश्वविजेते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये त्यांचा एकही माणूस घाईत दिसला नाही.

आपण हे शिकलो, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते दिसलं. ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना दहा जण खेळले, १-१ वर धरून ठेवला, आणि शूटआऊट ४-२ जिंकलं. आठ सेकंदांत २३ मीटरवरून येऊन गोल करायचा, समोर आपला गोलकीपर श्रीजेश. मी त्या दिवशी रडलो. पण त्या लाल कार्डामुळे रोहिदास उपांत्य सामन्यात नव्हता आणि जर्मनीनं आपल्याला ३-२ हरवलं. चुलबंदकाठ यांच्या शेजारची ती मुलगी कुठं बघत होती ते आठवा. कॉर्नरला पहिला धावणारा गेला की काय होतं ते त्या दिवशी कळलं. पुढं स्पेनला २-१ हरवून कांस्य घेतलं, दोन्ही गोल हरमनप्रीतचे.

२०२५ मध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया कप जिंकला, त्यातूनच या विश्वचषकाची जागा पक्की झाली. आपली बाजू मला भक्कम वाटते. चिंता एकच, हरमनप्रीतला जोडीदार फ्लिकर पाहिजे.

मास्तर, माझ्याकडे आणि माझ्या जुन्या सोबत्यांकडे वापरलेल्या काठ्या पडून आहेत, मुठीची पट्टी बदलली की चालतील. निरोप करा, ब्रह्मपुरीपर्यंत मी आणून देतो.

———

वर्धेची_लेक

फुलबॅक, मधल्या टप्प्याचं म्हणणं पटलं, पण तो टप्पा कोण उभा करणार याचं उत्तर अजून या धाग्यावर आलेलं नाही. तोवर माझी शंका तशीच आहे. काठ्यांसोबत नडगीची पॅडंही द्या, मी माझ्याकडून त्याला हातभार लावते. मुरमावर लेकरांच्या नडग्या फुटायला नकोत.

———

वऱ्हाडचा_गडी

मास्तर, बोकड माह्याकडून. तुमच्या मंडईले. मी येतो घेऊन. अन् ताईनं सांगतलं तसं पोरींच्या सामन्याले पन एक.

———

पीटी_मास्तर

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू, शब्द सुचत नाही. निरोप पाठवतो.

फुलबॅक भाऊ, एक विचारायचं होतं. माझ्याकडे सातवीतला एक पोरगा आहे, पक्का डावखुरा. गोफण डाव्या हातानं, लिहिणं डाव्या हातानं. धावण्यात सगळ्यांच्या पुढे, पण काठी हाती आली की चाचपडतो, उजव्या-डाव्याचा घोळ करतो. सुताराला मी उलटी काठी करायला सांगणार होतो, उजवी बाजू सपाट करून. सांगू का?

———

नागपूरचा_फुलबॅक

नका सांगू मास्तर. हॉकीत डावखुऱ्याची काठी नसतेच, नियमातच नाही. सगळ्यांना डावी सपाट बाजूच वापरावी लागते. पण त्या पोराला सांगा की वरची मूठ डाव्या हाताची असते आणि काठी फिरवायचं खरं काम तोच हात करतो. उजवा नुसता खाली आधाराला आणि जोराला. उजव्या हाताच्या पोरांना डावं मनगट तयार करायला वर्ष वर्ष लागतं, त्याचं तयारच आहे. आठवडाभर त्याला उजवा हात पाठीमागं धरून फक्त डाव्यानं चेंडू इकडून तिकडे, काठी उलटी-सुलटी करत खेळवा. रोज सकाळी, त्या सपाट केलेल्या तुकड्यावर. मग उजवा हात खाली जोडा. आणि मंडईच्या सामन्यात त्याला डावीकडून पुढं ठेवा.